लिंबांना देवी आली

रिसोडच्या बाजारात बाबूलाल व्यापाऱ्याने पाटीतलं एक लिंबू उचललं, बोटांत फिरवलं आणि कारलं चावल्यासारखं तोंड केलं. मग दुसरं उचललं. तिसऱ्याला त्याने हातही लावला नाही. पायानेच पाटी शालिग्रामकडे सरकवली.

"हे काय आनलं रे शालिग्राम? लिंबं हायेत का देवी निंगालेली पोट्टी?"

आजूबाजूचे हसले. फुकटच्या हसण्याला बाजारात कोणी नाही म्हणत नाही. शालिग्रामच्या मागे त्याची बायको चतुराबाई पदर ओढून उभी होती. बाबूलालची नजर तिच्या तोंडावर गेली, आणि त्याच्या जिभेला हाड कधी नव्हतंच.

"बराबर हाये म्हना," तो म्हणाला. "झाडं मालकिनीच्या वळनावर गेली."

चतुराबाईच्या तोंडावर देवीचे वण होते, आणि ते पंचवीस वर्षांपासून होते. तिला त्यांची सवय झाली होती. पण चारचौघांत कोणी बोट ठेवलं की ती अजूनही पंधरा वर्षांची सासुरवाशीण व्हायची आणि आतल्या आत आक्रसून जायची. तिने वाकून पाटी उचलली. हिरव्या सालींवर खरखरीत खपल्या धरल्या होत्या, काताच्या रंगाच्या, प्रत्येकीभोवती पिवळं कडं. आत रस होता तसाच होता. पण बाजार साल बघतो, रस घरी गेल्यावर कळतो.

परतताना बैलगाडीने नाला ओलांडल्यावर शालिग्राम बोलला. तो मुळात कमी बोलणारा. मोजकंच बोलायचा आणि बोललेलं मागे घ्यायचा नाही, हा त्याचा गुण आणि हाच दोष.

"दसऱ्यालोक पाह्यतो," बैलांकडे बघत तो म्हणाला. "दसऱ्याले नव्या पानावर डाग दिसला, का बगिच्यात कुदळ घालतो. पऱ्हाटी लावीन तिथं, कापूस तरी होईन."

"चाळीसच्या चाळीस झाडं?"

"चाळीसच्या चाळीस."

चतुराबाईने पाटीतली लिंबं उगाच सारखी केली. तिचं माहेर मेडशीचं, कोरडवाहू. लग्न होऊन आली तेव्हा या शेतात लिंबाचं एकच झाड होतं, विहिरीजवळचं, सासूने लावलेलं. त्याला घरात थोरली म्हणत. थोरलीच्या बिया चतुराबाईने वाफ्यात रुजवल्या, रोपं केली, दोन उन्हाळे घागरींनी पाणी वाहिलं. तिच्या डोक्यावरची चुंबळ झिजली तेव्हा एकोणचाळीस झाडं उभी राहिली. तिला मूल एकच, तीही मुलगी, लग्न होऊन गेलेली. मागे राहिली ही झाडं. आता दसरा म्हणजे सव्वा महिना.

झाडांना देवी आली हे पहिल्यांदा ओळखलं ते सासूने, रंगूबाईने. नागपंचमीच्या दिवशी थोरलीचं पान तिच्या हाताला खरखरीत लागलं. तिचे डोळे अधू झाले होते, पण बोटं शाबूत होती. दोन्ही बाजूंनी पान चाचपून ती म्हणाली होती, "माय व माय! हिले त आई आली."

एकदा आई आली म्हटल्यावर पुढचं सगळं ठरलेलं होतं. देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, विळी चालवत नाहीत, कोणावर ओरडत नाहीत. आईला गारवा लागतो. म्हणून दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे रंगूबाई हातात पाण्याचा लोटा आणि कडुलिंबाची डहाळी घेऊन बगिच्यात जायची. डहाळी लोट्यात बुडवायची, थोरलीच्या पानांवर शिंपडायची, हळूच पानांवरून फिरवायची आणि तीच डहाळी घेऊन पुढच्या झाडाकडे जायची. "शांत हो माय, लेकरायले सांभाय," असं पुटपुटत ती विहिरीपासून उजव्या हाताने निघायची आणि दम लागेपर्यंत फिरायची.

याच म्हातारीने पंचवीस वर्षांपूर्वी चतुराबाईच्या उशाशी एकवीस दिवस अशीच डहाळी धरली होती. नवी सून, अंगभर देवी, डोळे चिकटलेले. शेजारणी म्हणाल्या, माहेरी धाडून दे, मेली तर तिकडे मरेल. रंगूबाईने धाडलं नाही. दिवसा डहाळीने वारा घातला, रात्री ओल्या फडक्याने डोळे पुसले, खाजवू नये म्हणून सुनेचे हात आपल्या हातांत धरून बसली. चतुराबाईचा जीव वाचला, डोळे वाचले. त्या उपकाराची फेड होण्यासारखी नव्हती, आणि कोणी मागितलीही नव्हती. त्यामुळे आत्याबाई म्हणतात देवी, तर देवी. चतुराबाई पहाटे स्वतः लोटा भरून द्यायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उजाडताच तांड्यावरचा हेमला निंदणीचं विचारायला आला. बंजाऱ्यांचा तांडा पलीकडच्या टेकाडावर होता. पावसाळ्यात तांड्यातली माणसं गावात निंदायला यायची आणि हिवाळ्यात नागपूरकडे संत्री तोडायला जायची. हेमला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चतुराबाईपाशी आला आणि तिथेच थबकला.

"बाई, याडी काय करून राह्यली?" रंगूबाईला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणायचा.

"झाडायले देवी आली. पानी शिंपून राह्यली."

हेमलाने वाकून एक पान तोडलं, उजेडाकडे धरलं आणि डोक्याचा पटका काढून खालीच बसला.

"राग मानू नोका बाई. हे देवी नाई. हा खैऱ्या हाये."

"काय हाये?"

"खैऱ्या. रोग हाये झाडाचा. काटोलकडे मी याच्यापायी आख्खा बगिचा जयताना पाह्यला. हा पान्यानं पसरते. पावसाचा थेंब रोगी पानावरून उडाला, का बाजूच्या पानाले लागलाच. हातानं पसरते, कोयत्यानं पसरते. ओल्या झाडात मानूस शिरला त कपड्यानं बी पसरते. अन् याडी त रोज पहाटे..."

पुढचं त्याने गिळलं. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

चतुराबाई बगिच्याकडे बघत राहिली. नागपंचमीला एकटी थोरली. मग विहिरीच्या उजवीकडची चार. मग त्यापुढची ओळ, मग तिसरी. बावीस झाडं झाली होती, आणि ती अगदी सासूच्या फेरीच्या क्रमाने झाली होती. कुंपणाकडच्या शेवटच्या ओळींपर्यंत म्हातारीचा दम पोचत नव्हता. तिथलं एकही पान डागाळलेलं नव्हतं. हे रोज डोळ्यांसमोर होतं. दिसत सगळ्यांनाच होतं, पाहिलं कोणी नव्हतं.

"याले इलाज?" तिने विचारलं.

"हाये ना. उघाड पडली का भर दुपारी, झाड कोरडं असताना, रोगी डहाळ्या छाटायच्या अन् तिथंच जायायच्या. कोयता दर झाडाले इस्तवात तापवून घ्यायचा. मंग मोरचूद अन् चुना पान्यात कालवून आख्ख्या झाडावर मारायचा. पंधरा दिवसानं पुन्हा." तो जरा थांबला. "थोरली मात्र नाई वाचत. तिचं खोड बी फुटलं. बुडातून घ्या लागीन."

चतुराबाईने हे शालिग्रामला जेवताना सांगितलं. तो घास हातात धरून म्हणाला, "मायच्या देखत देवीवर कोयता चालवू? अन् इस्तव बी पेटवू?"

"देवी नाई म्हन्ते थो."

"थो म्हन्ते. माय काय म्हन्ते?" पण सकाळी तो न सांगता मोरचूद आणायला निघाला. रिसोडला नव्हता. वाशीमला दुकानदार म्हणाला, लढाई चालू आहे, मोरचूद तांब्यापासून होतो आणि तांबं सगळं तोफांना लागतं, तुमच्या लिंबांना कुठून देऊ? दोन दिवसांनी शालिग्राम रिकाम्या हाताने आला आणि जोडे काढून भिंतीला टेकून बसला. त्याने कुदळीकडे एकदा बघितलं. चतुराबाईने ते पाहिलं आणि चुलीत उगाच फुंकर घातली.

मोरचूद मिळाला नाही हे तांड्यावर पोचलं होतं; तिसऱ्या दिवशी हेमला आला, सोबत त्याची बायको हिरीबाई. हिरीबाईच्या ओढणीच्या टोकाला गाठोडं होतं. ते तिने ओसरीवर सोडलं. आत कागदाच्या, चिंध्यांच्या, पळसाच्या पानाच्या लहानलहान पुड्या होत्या. चतुराबाईने एक उघडली. आत मोरचूद, निळाशार.

"बैलायच्या खुरात किडे पडतात नं बाई," हिरीबाई म्हणाली. "त्याच्यासाठी घरोघरी ठुलेला असते. लढाईच्या आधीचा हाये. जमा करून आनला."

"सगळ्या तांड्याचा?"

"मोहनसिंगाचा नाई भेटला. त्याच्या बैलाले सध्या लागून राह्यला. बाकी सगळ्यायचा हाये."

"अन् तुमच्या बैलायले काई झालं मंग?"

"झालं त पाहू."

"पन हिरीबाई, काहून देता आमाले?"

हिरीबाईला तो प्रश्न समजलाच नाही बहुतेक. ती म्हणाली, "बाजाराले जाता-येता याडीनं कोनाले लिंबू देल्याबिगर पुढं जाऊ देलं का? मागच्या उन्हायात मायी चंदा हगवनीनं गेलीच होती. याडीनं रोज दोन लिंबं देली, मीठ-साखर देली. आमी काय इसरलो?"

चतुराबाईचं तोंड वणांसकट तापलं. सासू वाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला लिंबू द्यायची, त्यावरून तीच गेल्या उन्हाळ्यात करवादली होती. चाळीस झाडं काय रस्त्यावर वाटायले लावली का, असं म्हणाली होती. तांड्यावरच्या बायका दिसल्या की पाटी आत नेऊन ठेवायची. आज त्याच बायका आपल्या बैलांचं औषध तिच्या ओसरीवर मांडून बसल्या होत्या. तिने आतून गूळ-पाणी आणलं. एरवी तांड्यावरच्यांना ओंजळीत वरून पाणी घालायची पद्धत होती. तिने तांब्या हिरीबाईच्या हातातच दिला. हिरीबाईने एकदा तांब्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं आणि घटाघटा पाणी प्यायली.

आता राहिली सासू. संध्याकाळी चतुराबाई बगिच्यात गेली ती मनात एक खोटं जुळवूनच. देवी उतरली म्हणायचं, सुकलेल्या फांद्या तेवढ्या काढतो म्हणायचं. म्हातारीच्या जिवाला लावायचं नाही.

रंगूबाई थोरलीखाली बसली होती. हातात एक पान होतं.

"चतुरा, तुले देवी आली तवा खपल्या कवा झडल्या?"

"एकविसाव्या दिवशी, आत्याबाई."

"मंग पुन्हा आली का?"

"नाई."

"नाईच येत. ज्या अंगावर आई येऊन गेली, त्या अंगाले ते पुन्हा शिवत नाई. अन् हिचं पाय. जुनं पान खरबडलं, गयून पडलं. नवं पान आलं, त्याले बी तेच. त्याच्यामागून आलं, त्याले बी तेच. महिना झाला आता. आई अशी दारात ठिय्या देऊन बसत नसते, माय. येते, मान घेते, जाते." तिने पान खाली टाकलं. "हे दुसरं काई हाये. हेमला काय म्हने?"

चतुराबाईच्या घशातलं खोटं घशातच राहिलं. "रोग हाये म्हने."

"मी ऐकलं. डोये गेले, कान नाई गेले. पान्यानं पसरते म्हने?"

"पावसानं, आत्याबाई."

"पावसानं," रंगूबाई म्हणाली. "बरं."

मग तिने दोन्ही हात लुगड्याला पुसले, उलटे पुसले, सुलटे पुसले, आणि मांडीवर ठेवून दिले.

"उद्या दहीभात कर. आईची बोळवन करू. देवी असली त मानानं जाईन, नसली त भात मुंग्या खातीन. मंग चालवा कोयता."

दुसऱ्या दिवशी उघाड पडली. भादव्याचं ऊन अंगाला चावत होतं. रंगूबाईने थोरलीच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, दहीभाताचा मुटका ठेवला, खणाने ओटी भरली. "आलीस तशी जाय माय, काई चुकलं असन त पदरात घे," म्हणाली आणि विहिरीच्या काठावर जाऊन पाठ करून बसली.

थोरलीवर कोयता शालिग्रामनेच चालवला. दुसऱ्या कोणाला त्याने चालवू दिला नाही. लिंबाचं लाकूड चिवट, काटे बोटभर. त्याचे हात कोपरांपर्यंत फाटले, पण तो थांबला नाही. झाड खाली आलं तेव्हा त्याने कोयता बाजूला ठेवला आणि पटक्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग कोयता विस्तवात धरला आणि पुढच्या झाडाकडे वळला. हेमला छाटायचा, चतुराबाई डहाळ्या उचलून विस्तवात टाकायची. ओली पानं तडतडत जळायची आणि साऱ्या शिवारात लिंबाच्या तेलाचा वास सुटला होता. दुपारभर त्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कोण कशाने रडतंय हे विचारायची सोय नव्हती.

औषध कालवायला हिरीबाई बसली. मोरचूद लोखंडाला खातो, म्हणून मातीचे रांजण. एकात मोरचुदाचं निळं पाणी, एकात विरवलेला चुना, गाळून घेतलेला. दोन्हींची धार एकदम तिसऱ्या रांजणात सोडायची. हेमलाने घासलेला विळा त्यात बुडवला, थोडा वेळ धरला आणि वर काढला. पात्यावर तांब्याची लाली चढली होती.

"चुना कमी पडला. असं मारलं त पानं जयतीन."

हिरीबाईने आणखी चुना घातला. विळा पुन्हा बुडाला. या वेळी पातं जसं गेलं तसं पांढरं निघालं.

"आता जमलं."

फवारायला काय, तर तांड्यातल्या होळीच्या पिचकाऱ्या. वेळूच्या, हातहात लांब. बंजाऱ्यांची होळी म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्या पिचकाऱ्यांचा जोर सांगायला नको. तांड्यातली सहा-सात माणसं आली होती, आणि भर भादव्यात होळी आल्यासारखी ती झाडांभोवती फिरत होती. निळं पाणी शेंड्यापर्यंत उडत होतं. शालिग्रामच्या मिशा निळ्या झाल्या. चतुराबाई हसली, आणि आपण हसलो म्हणून दचकली.

तिने एक नवी डहाळी औषधात बुडवून सासूकडे नेली. "आत्याबाई, खालच्या फुटव्यांवर तुमी शिंपा."

रंगूबाईने मान हलवली. "नोको. मायं शिंपून झालं."

त्यानंतर तिने एकाही झाडाला हात लावला नाही. बगिच्यात यायची, विहिरीच्या काठावर बसायची, हात मांडीवर. वाटेवरून कोणी गेलं तर चतुराबाईला हाक मारायची, "त्याले लिंबू दे वो." स्वतः उठायची नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा औषध मारलं. दसऱ्याच्या सकाळी शालिग्राम कुदळ खांद्यावर घेऊन बगिच्यात शिरला. बोललेलं मागे घेणारा तो नव्हता. दव उडेपर्यंत थांबला, मग एकेका झाडाची कोवळी पालवी उलटीसुलटी करून बघत गेला. चतुराबाई धुऱ्यावर उभी होती. तिला त्याची पाठ तेवढी दिसत होती. शेवटच्या झाडापाशी तो खूप वेळ थांबला. मग तो वळला, घरी आला, कुदळ हळदकुंकू लावायला इतर अवजारांत मांडली आणि म्हणाला, "तांड्यावर सोनं द्याले आपन जाऊ. दोघंबी." आपट्याची पानं घेऊन दोघं टेकाड चढून गेले. त्या घरातलं कोणी दसऱ्याला तांड्यावर जाण्याची ती पहिलीच वेळ.

चैत्रात लिंबं उतरली. पातळ सालीची, तकतकीत. रिसोडला बाबूलालने एक उचललं, फिरवलं आणि पाटी स्वतःकडे ओढून घेतली. चतुराबाईने त्या दिवशी पदर कपाळावर ओढला नव्हता. त्याने चिल्लर काढली, तिने घेतली, एवढंच.

त्याच आठवड्यात थोरलीच्या बुडख्यातून फुटवे आलेले तिला दिसले. चांगले वीतभर. ती धावत जाऊन सासूला हाताला धरून घेऊन आली.

"आत्याबाई, थोरली फुटली. हात लावून पाहा."

रंगूबाईने हात मागे घेतले. "नोको माय. या हातानंच झालं थे. तू पावसानं म्हनली, पन मले समजते. बावीस झाडं मी माया हातानं नासवली."

सात महिने तिने हे मांडीवर धरून ठेवलं होतं. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर जीभ रेटेना. तिने सासूचा सुरकुतलेला हात धरला आणि आधी आपल्या गालावर ठेवला. वणांवर. पंचवीस वर्षांत त्या गालाला तिने कोणाला हात लावू दिला नव्हता.

"हे कोनाच्या हातानं वाचलं, आत्याबाई?"

म्हातारीची बोटं गालावरून फिरली, एकेका खळग्यातून, डोळ्यापर्यंत. तिचे अधू डोळे भरून वाहिले. मग चतुराबाईने तोच हात खाली नेऊन थोरलीच्या कोवळ्या पानावर ठेवला. रंगूबाईने पान दोन्ही बाजूंनी चाचपलं. दुसरं चाचपलं. तिसरं.

"साफ हाये," ती म्हणाली. "साफ हाये व माय."

वाटेवरून बाजाराला निघालेल्या हिरीबाईची हाक आली, "याडी, ऊन लय हाये!"

चतुराबाई उठणार तोच रंगूबाईने तिचा खांदा दाबला आणि त्याला धरून स्वतः उभी राहिली. चाचपडत शेजारच्या झाडापाशी गेली, फांदी हाताने वाकवली, दोन लिंबं तोडली.

"थांब वो हिरी," ती म्हणाली. "घेऊन येतो."